बेब रूथ : एका उद्योगशाळेचा विद्यार्थी

अमेरिकेतील बेसबॉल या खेळात गेली काही वर्षे शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूचा मोठा बोलबाला आहे. चेंडू टाकण्यात तो जितका निष्णात, तितकाच तो टोलविण्यातही पटाईत. त्यामुळे आजवरच्या सर्व बेसबॉलपटूंत हाच श्रेष्ठ की काय, असा वाद तिकडील जाणत्या लोकांत सुरू झाला आहे. या वादात दुसरे नाव ठरलेलेच असते, ते बेब रूथ याचे. रूथ मृत्यू पावून पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. तरी नव्या खेळाडूचे माप घ्यावयाचे झाले म्हणजे अमेरिकन लोक अजून त्याचाच गज बाहेर काढतात. ज्याच्याशी तुलना करावयाची त्याचे चरित्र ठाऊक नसता केलेली तुलना पोकळ होय, असे आम्हांस वाटते. शिवाय हा पुरुष एका धार्मिक मंडळाने चालविलेल्या शाळेत वाढला. त्याची हकीकत या अंकात देण्यास हेही एक कारण आहे.

क्रिकेट जाणणाऱ्या वाचकांस हा खेळ समजण्यास फारसे सायास पडणार नाहीत. येथेही एक गडी चेंडू टाकतो व दुसरा तो बॅटने मारतो. टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. तो साडेसाठ फुटांवरून, टप्पा पडू न देता, चेंडू सरळ फेकतो. मारणाऱ्याची बॅट मुसळासारखी गोल असते. नव्वद नव्वद फुटांच्या अंतरावर चौकोनाचे चार कोपरे मांडलेले असतात. त्यांवरून फेरी घालून मूळ ठिकाणी परत आले म्हणजे एक धाव झाली. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर ही फेरी निर्वेध पुरी होते. त्यास होमरन म्हणतात. आपल्या षटकाराचा तो भाऊच समजावा. एक गोष्ट मात्र क्रिकेटहून निराळी आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजी व फलंदाजी दोन्ही साधणारा गडी दुर्मिळ नाही. बेसबॉलमध्ये पिचरच्या खांद्यावर इतका ताण पडतो की, एकदा खेळल्यावर त्यास काही दिवस विसावा द्यावा लागतो, आणि मारण्याची विद्या त्याने जवळजवळ सोडूनच द्यावी अशी तेथील जुनी चाल आहे.

जॉर्ज हर्मन रूथ याचा जन्म ६ फेब्रुवारी १८९५ रोजी मेरीलँड संस्थानातील बाल्टिमोर शहरी झाला. जुन्या करारातील रूथेचे पुस्तक वाचलेल्यांस हे आडनाव ओळखीचे वाटेल; त्या कुळाचा मात्र त्या मवाबी स्त्रीशी काही संबंध नाही. आईबाप जर्मन वंशाचे होते. बाप दारूचा गुत्ता चालवीत असे. आठ मुलांपैकी जॉर्ज व त्याची एक बहीण, एवढीच दोघे वाचली. आईची प्रकृती नेहमी नादुरुस्त, बाप गुत्त्यात गुंतलेला. तेव्हा मुलगा बंदराजवळच्या गल्लीबोळांत वाढू लागला. शाळा चुकवावी, तंबाखू चघळावी, गुत्त्यातील पेल्यांत उरलेले चाखावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. अखेरीस १३ जून १९०२ रोजी, सात वर्षे वयाच्या या मुलास आईबापांनी सेंट मेरीज नावाच्या उद्योगशाळेत नेऊन घातले. हा पोर सुधारण्यापलीकडचा आहे, असा शेरा त्याच्या नावापुढे पडला. ज्याच्या मुखातील दुधाचे दात अजून पडावयाचे होते, त्याच्याविषयी असा शेरा लिहिणे हे मोठेच धाडस म्हटले पाहिजे.

ही शाळा झेवियरियन ब्रदर्स या रोमन कॅथलिक मंडळाकडे होती. ज्या संत फ्रान्सिस झेवियरचे शरीर जुन्या गोव्यात जतन केलेले आहे व ज्याच्या दर्शनास आपल्या प्रांतातूनही हजारो भाविक जातात, त्याचेच नाव या मंडळाने घेतले आहे. शाळेत आठशेच्या आसपास मुले होती. काही अनाथ, काही उनाड, काही केवळ दरिद्री. सभोवार भिंत होती, शिस्त कडक होती आणि प्रत्येकास एखादा धंदा शिकावा लागे. जॉर्जच्या वाट्यास शिंपीकाम आले. सदरे शिवण्यात तो चांगलाच तरबेज झाला, आणि पुढे लक्षाधीश झाल्यावरही हा हुन्नर त्याच्या बोटांतून गेला नव्हता. मध्यंतरी काही वेळा घरी गेला तेवढा वगळता त्याने आयुष्याची बारा वर्षे येथेच काढली. आई १९१२ साली वारली.

शिस्तीचे प्रमुख ब्रदर मथायस हे कॅनडाकडील गृहस्थ होते. सहा फुटांहून पुष्कळ उंच, अंगाने भरदार, पण आवाज कधी चढवावयाचे नाहीत. मैदानात ते आले की एका हातात बॅट धरून चेंडू असा उंच भिरकावीत की, मुलांच्या माना मागे वळून दुखू लागत. जॉर्ज हा चमत्कार पाहात तासन् तास उभा राही. त्यांच्याप्रमाणे तो बॅट धरू लागला. इतकेच नव्हे तर, पाय आत वळवून लहान पावले टाकण्याची त्यांची लकबही त्याच्या चालीत उतरली व ती जन्मभर राहिली. मुलगा डावखुरा होता आणि शाळेत डाव्या हाताचे हातमोजे नव्हते. तेव्हा उजव्यांचा मोजा डाव्या हातात घालून चेंडू झेलावयाचा, मोजा चटकन काढून त्याच हाताने फेकावयाचा, अशी कसरत तो करी. एके दिवशी आपल्या संघाच्या पिचरची फजिती पाहून तो खदखदून हसला, तेव्हा ब्रदर मथायस यांनी शिक्षा म्हणून त्यालाच चेंडू टाकावयास उभे केले, आणि तेथून तो पिचर झाला, अशी कथा सांगतात. हेच ब्रदर त्यास लिहावाचावयास शिकवीत आणि शिंपीकामात चूक झाली तर उसवून पुन्हा करावयास लावीत. आपल्या आयुष्यात भेटलेला सर्वांत थोर मनुष्य कोण, असे विचारता रूथ पुढे याच शिक्षकाचे नाव घेत असे. राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन केलेल्या माणसाची ही साक्ष आहे, हे आमच्या पालकवर्गाने लक्षात घ्यावे.

१९१४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरच्या व्यावसायिक संघाचा मालक जॅक डन याने त्याचा खेळ पाहून त्यास सहाशे डॉलर वर्षासनावर ठेवून घेतले. मुलगा अज्ञान असल्यामुळे डनला त्याचे पालकत्व पत्करावे लागले, आणि डनचे हे नवे बाळ म्हणून संघातील गडी त्यास बेब म्हणू लागले. भिंतीबाहेरचे जग त्यास नवीन होते. त्याच वर्षीच्या जुलैत डनने पैशाच्या अडचणीमुळे त्यास बोस्टनच्या रेड सॉक्स संघास विकले, आणि ११ जुलै रोजी तो प्रथम श्रेणीच्या मैदानावर उतरला.

बोस्टनमध्ये तो चेंडू टाकण्यासाठी होता, मारण्यासाठी नव्हे, हे आज पुष्कळांस ठाऊक नसते. १९१६ साली त्याने २३ सामने जिंकून दिले व १९१७ साली २४. १९१६ च्या अजिंक्यपदाच्या मालिकेत ब्रुकलिनविरुद्ध एक सामना चौदा डावांपर्यंत लांबला. तो त्याने एकट्याने टाकून काढला व एकच धाव दिली. या मालिकांत सलग एकोणतीस डावांहून अधिक काळ त्याने प्रतिपक्षास धाव घेऊ दिली नाही, आणि तो विक्रम १९६१ पर्यंत अबाधित राहिला. हा मनुष्य केवळ पिचर राहिला असता तरीही त्याचे नाव इतिहासात राहिले असते.

परंतु त्यास मारण्याची भूक होती. १९१८ साली महायुद्धामुळे गडी कमी पडले, तेव्हा त्यास चेंडू टाकण्याच्या दिवसांखेरीज इतर दिवशीही मैदानात उतरवू लागले. त्या वर्षी त्याने तेरा सामने जिंकले आणि अकरा होमरन मारले. एकाच हंगामात दोन्ही आकडे दहावर नेण्याची ही गोष्ट त्याच्या लीगमध्ये पुढे शंभर वर्षे कोणास साधली नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ओहतानीने ती साधली. मात्र रूथला हे दुहेरी काम झेपेना. त्यावरून व्यवस्थापकाशी त्याचा खटका उडाला; एकदा तर तो संघ सोडून काही दिवस निघूनही गेला. १९१९ साली त्याने एकोणतीस होमरन मारून जुने सर्व विक्रम मोडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नाटकांच्या धंद्यात गुंतलेल्या बोस्टनच्या मालकाने त्यास न्यूयॉर्कच्या यांकी संघास एक लक्ष डॉलरांस विकून टाकले. पुढे २००४ पर्यंत बोस्टनला अजिंक्यपद लाभले नाही, म्हणून तिकडे लोक रूथच्या शापाची गोष्ट सांगत. शहाण्या लोकांच्या देशातही असले खूळ चालते, याचे आम्हांस नवल वाटते.

न्यूयॉर्कमध्ये पंधरा वर्षांत त्याने जेमतेम पाच वेळा चेंडू टाकला. पाचही वेळा तो जिंकला, ही गोष्ट निराळी. या एका ठिकाणी ओहतानीचे पारडे निःसंशय जड आहे. रूथने दोन्ही विद्या खऱ्या अर्थाने एकत्र चालविल्या त्या अवघी दोन वर्षे. ओहतानीने त्या २०२१ पासून तीन हंगाम अखंड चालविल्या, कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया सोसली, आणि २०२५ मध्ये पुन्हा चेंडू हाती घेतला. त्या वर्षी १७ ऑक्टोबर रोजी, एकाच सामन्यात, त्याने प्रतिपक्षाचे दहा गडी बाद केले आणि स्वतः तीन होमरन मारले. तथापि न्यायाने बोलावयाचे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. आज बदली मारणाऱ्याचा नियम आहे, त्यामुळे ओहतानीस मारण्याच्या दिवशी क्षेत्ररक्षण करावे लागत नाही. रूथला ती सवलत नव्हती.

मारण्याच्या बाबतीत मात्र रूथसारखा तोच. १९२० साली त्याने ५४ होमरन मारले. आकडा मोठा दिसतो, पण त्याचे खरे वजन शेजारचे आकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. त्या वर्षी प्रथम श्रेणीत सोळा संघ होते. स्वतःचा संघ वगळता, एका फिलाडेल्फियाच्या संघाखेरीज कोणत्याही अख्ख्या संघाचे होमरन या एकट्या मनुष्याइतके भरले नाहीत! २०२४ साली ओहतानीने नेमके तेवढेच, म्हणजे ५४, होमरन मारले आणि शिवाय ५९ वेळा पळून बेस चोरला. असा दुहेरी पराक्रम पूर्वी कोणी केला नव्हता. पण त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एरन जजने ५८ होमरन मारले. ओहतानी शिखरावर आहे खरा, पण त्या शिखरावर त्यास सोबत आहे. रूथ १९२० साली एकटाच होता. त्या सुमारास जुने, मळलेले चेंडू काढून पांढरे चेंडू वापरण्याची चाल पडली व चेंडूस थुंकी लावण्याची युक्ती नव्या पिचरांस बंद झाली, याचाही त्यास लाभ झाला. परंतु तो लाभ सर्वांस सारखाच होता, आणि बाकीच्यांनी त्याचे एवढे सोने केले नाही. १९२१ साली त्याने ५९ व १९२७ साली ६० होमरन मारले. प्रेक्षक इतके लोटू लागले की संघाने स्वतःचे प्रचंड क्रीडागृह बांधले. १८ एप्रिल १९२३ रोजी त्याच्या पहिल्याच सामन्यात रूथने होमरन मारून जणू त्याची वास्तुशांत केली.

त्याचे अवगुण झाकण्याची आमची इच्छा नाही. खाणे, पिणे, रात्री बाहेर काढणे, पैसा उधळणे, या कशासही त्याच्याजवळ मर्यादा नव्हती. १९२५ च्या वसंतात तो प्रवासातच कोसळला व त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. बरा होऊन आल्यावरही रंगढंग तेच. तेव्हा यांकींचा व्यवस्थापक मिलर हगिन्स, जो उंचीने रूथच्या खांद्याला लागेल न लागेल असा लहानखुरा गृहस्थ होता, त्याने त्यास पाच हजार डॉलर दंड करून संघाबाहेर बसविले. रूथ रागाने मालकाकडे गेला; मालकाने हगिन्सचीच बाजू उचलून धरली. रूथला क्षमा मागावी लागली. १९२७ चे साठ होमरन या अपमानानंतरचे आहेत. ओहतानीने शाळेत असतानाच एका कागदावर आपली ध्येये चौकटी पाडून लिहिली होती, आणि त्यांत चेंडूच्या वेगाबरोबर खोली झाडणे व रस्त्यातील कचरा उचलणे हेही होते. या बाबतीत दोघांत निवड करावयाची झाली तर आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ओहतानीचाच कागद ठेवू.

तरीही त्या उधळ्या माणसाचे अंतःकरण कोरडे नव्हते. १९१९ च्या एप्रिलात सेंट मेरीज शाळेस आग लागून बहुतेक इमारत भस्मसात झाली. पुढील वर्षी, कीर्तीच्या ऐन भरात, रूथने शाळेचे वाद्यपथक यांकी संघाच्या दौऱ्यावर बरोबर नेले. गावोगावच्या मैदानांवर मुले वाजवीत आणि इमारतीसाठी वर्गणी गोळा होई. ब्रदर मथायस यांस त्याने उंची मोटार घेऊन दिली. अनाथालये व इस्पितळे यांतून तो मुलांस भेटण्यास वारंवार जाई.

१९३४ च्या नोव्हेंबरात अमेरिकन खेळाडूंचा एक संघ जपानला गेला. त्यात रूथ होता. टोकियोच्या रस्त्यांत त्याच्या मोटारीस लोकांनी वेढा घातला. शिझुओका येथे सावामुरा नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने रूथसह चार नामांकित अमेरिकनांस एकामागून एक बाद केले. सामना जपान्यांनी एका धावेने गमावला, पण त्यांस आत्मविश्वास आला व त्याच वर्षाअखेर तेथे व्यावसायिक संघ उभा राहिला. तो सावामुरा महायुद्धात १९४४ साली जहाज बुडून मेला. सेंदाई गावी, जेथे रूथने त्या दौऱ्यात होमरन मारला, तेथे त्याचा पुतळा आहे. आणि सेंदाईच्या उत्तरेस, शेजारच्याच इवाते प्रांतात, १९९४ साली ओहतानीचा जन्म झाला.

रूथचा उतरता काळ खिन्न करणारा आहे. १९३५ साली तो बोस्टनच्या दुसऱ्या एका संघात गेला. पाय चालत नव्हते, तरी २५ मे रोजी पिट्सबर्ग येथे त्याने एकाच सामन्यात तीन होमरन मारले. त्यांतील शेवटचा त्याचा ७१४ वा होता. आठवडाभरातच त्याने खेळ सोडला. एखाद्या मोठ्या संघाचे व्यवस्थापकपद मिळावे, ही त्याची तळमळ होती. ते त्यास कोणीही दिले नाही. ज्यास स्वतःस आवरता येत नाही तो पंचवीस जणांस काय आवरणार, असा मालकांचा समज होता. समज अगदीच खोटा नसेल. पण ज्याच्या जोरावर त्यांनी तिजोऱ्या भरल्या त्यास एक संधीही देऊ नये, हे आम्हांस कृतघ्नपणाचे वाटते.

१९४६ साली त्यास घशाच्या वरच्या भागाचा कर्करोग झाला. त्यावरील नव्या औषधाचा प्रयोग स्वतःवर करून घेण्यास तो तयार झाला. २७ एप्रिल १९४७ रोजी देशभर त्याच्या नावाचा दिवस पाळण्यात आला. आवाज बसलेला, देह झिजलेला, असा तो मैदानावर उभा राहून लोकांशी चार शब्द बोलला.

याच्या बाराच दिवस आधी, १५ एप्रिल रोजी, त्याच शहरातील ब्रुकलिन भागात जॅकी रॉबिन्सन हा नीग्रो तरुण प्रथम श्रेणीच्या सामन्यात उतरला होता. रूथच्या सबंध कारकीर्दीत एकही काळा मनुष्य त्या मैदानावर येऊ शकला नव्हता. लिहिलेला कायदा नव्हता, पण मालकांचा संकेत कायद्याहून कडक होता. काळ्यांचे संघ निराळे होते, आणि त्यांत जॉश गिब्सन होता, ज्यास पुष्कळ लोक रूथच्या तोडीचा म्हणत. तो रॉबिन्सनच्या आगमनाआधी तीन महिने, पस्तिसाव्या वर्षी मेला. त्याच संघांत बुलेट रोगन होता. तो चेंडूही टाकी आणि मारीही, आणि हे त्याने एकदोन नव्हे, कित्येक वर्षे केले. सुटीच्या दिवसांत रूथ काळ्या संघांशी आनंदाने खेळत असे. तेव्हा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. २०२४ साली बेसबॉलच्या अधिकाऱ्यांनी काळ्या संघांचे आकडे मुख्य दप्तरात घेतले, आणि मारण्याच्या सरासरीत गिब्सन सर्वांच्या वर आला. होमरनचा रूथचा एकंदर आकडा १९७४ साली हँक एरन या काळ्या खेळाडूने ओलांडला; त्या वेळी त्यास धमक्यांची पत्रे पोत्यांनी आली.

म्हणून रूथ मोठा की ओहतानी, असे विचारल्यास आमचे मत असे : आपल्या काळातील इतरांस मागे टाकण्यात रूथची बरोबरी नाही, दोन्ही विद्यांत ओहतानीची नाही, पण रूथचे वर्चस्व अर्ध्या बंद दारामागचे होते. आज तेच दार उघडे आहे, म्हणून तर एक जपानी त्यातून आत आला. गिब्सन व रोगन यांस बाहेर ठेवून जी यादी झाली तिच्यात पहिला क्रमांक कोणासही देण्यास आमचे मन घेत नाही.

१३ जून १९४८ रोजी, क्रीडागृहाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या समारंभात, रूथ जुना पोशाख चढवून शेवटचा आला. अंगरखा सैल झाला होता, आणि तो एका बॅटचा काठीसारखा आधार घेऊन उभा होता. १६ ऑगस्ट रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्याने प्राण सोडला. त्याची शवपेटी त्याच क्रीडागृहाच्या दाराशी ठेवण्यात आली, आणि हजारो लोक रांगेने तिच्यावरून गेले. त्यांत बापांच्या खांद्यांवर बसलेली लहान मुले पुष्कळ होती. सेंट पॅट्रिकच्या मंदिरात प्रार्थना होऊन हॉथॉर्न येथील दफनभूमीत त्यास मूठमाती देण्यात आली.